सहा फुटांची रेघ

आमच्या स्टुडिओच्या फरशीवर एक लाल रेघ आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ऑइलपेंटनं ओढलेली. रेघेपासून गिऱ्हाइकाच्या स्टुलापर्यंत बरोबर सहा फूट. कॅमेऱ्याचा स्टँड या रेघेच्या पुढं न्यायचा नाही, हा मला लहानपणी मिळालेला धंद्यातला पहिला नियम. का, ते अण्णांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ते कळायला मला पुढं पंचवीस वर्षं आणि लाखावर रुपये लागले.

आमचं गाव कोल्हापूर. बाबूराव पेंटरांनी जिथं सिनेमाचा कॅमेरा स्वतःच्या हातानं बनवला, जिथं खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक उभं आहे, त्या गावात फोटोग्राफर असणं म्हणजे तालमीत जाऊन दंड काढण्यासारखं. कुणाला त्याचं कौतुक नसतं. अण्णांनी १९७८ मध्ये मंगळवार पेठेत स्टुडिओ टाकला. पासपोर्ट, शाळेचा दाखला, स्थळाला पाठवायचा फोटो, आणि हाराचा फोटो. हाराचा फोटो हे आमच्या धंद्यातलं हमखास काम. घरातलं म्हातारं माणूस गेलं की चौथ्या-पाचव्या दिवशी कुणीतरी लग्नाचा ग्रुप फोटो घेऊन येतं आणि तिसऱ्या रांगेतल्या चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणतं, ‘‘एवढे आमचे आजोबा काढून मोठे करून द्या.’’ नखाएवढा चेहरा बारा बाय पंधराचा करायचा. अण्णा बारीक पेन्सिल घेऊन निगेटिव्हवर बसायचे. डोळे जवळपास नव्यानंच काढावे लागत. ऐंशी वर्षं जगलेल्या माणसाचा एकही धड फोटो घरात नसतो, हे मी तेव्हापासून बघत आलोय. म्हणून लग्नाची कामं करता करता मी म्हाताऱ्या माणसांची पोर्ट्रेट काढायला लागलो. त्यांच्या घरी जाऊन, ती जिवंत असताना.

२०१४ साली माझ्याकडं कॅननचा ५डी मार्क थ्री होता. सोबत २४-१०५ ची एफ/४ झूम आणि ८५ मिलिमीटरची एफ/१.८. ही १.८ गुणी लेन्स. वजन ४२५ ग्रॅम, फोकस चटकन, किंमत सोसेल अशी. पण याच ८५ ची एक थोरली बहीण होती, एफ/१.२ एल मार्क टू. त्या काळात मोठ्या लग्नांच्या अल्बममध्ये नवरीचा चेहरा कोरल्यासारखा आणि मागचे दिवे लोण्यासारखे विरघळलेले दिसले की आम्ही फोटोग्राफर एकमेकांना कोपरानं ढोसायचो, ‘‘वन पॉइंट टू आहे.’’ विरघळण्याच्या या गुणाला बोके म्हणतात. शब्द मूळचा जपानी. आमच्या बोलण्यात मात्र ‘मागचं उडालंय’ एवढंच असायचं. मला मागचं उडवायचं होतं.

आकड्यांचा अर्थ सोपा आहे. ८५ ला १.२ नं भागलं की साधारण ७१ येतात, म्हणजे लेन्सचं दार ७१ मिलिमीटर उघडतं. १.८ चं दार ४७ मिलिमीटर. दाराचा व्यास दीडपट झाला की उजेड सव्वादोनपट आत येतो. पण एवढं दार उघडूनही चित्र कोसळू द्यायचं नसेल, तर आतल्या काचा मोठ्या आणि फार नेमक्या घासलेल्या लागतात. दोन लेन्सच्या किमतीतला फरक त्या काचांचा. एकीच्या पैशांत दुसरीच्या निदान तीन-चार आल्या असत्या.

उडी मारण्याआधी मी एक शहाणपणाची गोष्ट केली. पुण्याहून दोन दिवसांसाठी तीन लेन्स भाड्यानं आणल्या. ८५ एफ/१.२, १३५ एफ/२ आणि ७०-२०० एफ/२.८. पहिल्या दिवशी स्टुडिओत तिन्ही लावून बघितल्या. १३५ सगळ्यांत देखणी वाटली. दुसऱ्या दिवशी त्याच लेन्स घेऊन पेठेतल्या एका घरात गेलो. दहा बाय दहाची खोली, त्यात कॉट, कपाट, शिलाई मशीन. १३५ लावून मागं सरकत सरकत मी भिंतीला टेकलो तरी आजोबांची टोपी फ्रेमच्या बाहेर. ७०-२०० पांढरीशुभ्र, दीड किलोची. ती वर उचलली की समोरचा माणूस पोलिसासमोर बसल्यासारखा ताठ व्हायचा. ८५ काळी, बुटकी, पाणी प्यायच्या तांब्याएवढी. तिच्याकडं कुणी फारसं बघितलं नाही. आपल्याकडच्या खोल्या ८५ च्या मापाच्या आहेत, असं मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं. पुढचं सगळं विसरलो तरी एवढं लक्षात ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

दिवाळीआधी मुंबईला गेलो. फोर्टातला बोरा बझार म्हणजे फोटोवाल्यांची पंढरी. तिथं एका दुकानात हीच लेन्स बिलाशिवाय बऱ्याच स्वस्तात मिळत होती. ‘‘काच तीच आहे ना, बिल काय चाटायचंय?’’ असं दुकानदार म्हणाला. खरं तर मी पाघळलो होतो. पण बिलाशिवाय वॉरंटी नाही, आणि या लेन्सच्या पोटात मोटार आहे. मोटार बिघडली की ती नुसती शोभेची काच. मी बिलाचीच घेतली, हप्त्यावर. दुकानातच मोबाइलचा टॉर्च मागून आत मारून बघितला, काचांवर धूळ-बुरशीचा डाग नाही ना. पुढं-मागं फोकस करून आवाज ऐकला. कॅमेऱ्याला लावताना विक्रेत्यानं हात धरला. ‘‘सावकाश. हिची मागची काच मोठी आहे आणि अगदी तोंडाशी आहे. घाईत तिरकी लावली तर ओरखडा पडंल.’’ एवढ्या महाग वस्तूचं सगळ्यांत नाजूक अंग नेमकं कॅमेऱ्याला भिडतं तिथंच असावं, याची मला गंमत वाटली.

घरी आल्यावर बायकोनं पिशवीत डोकावून किंमत विचारली. मी सांगितली. तिनं मनात सोन्याचा भाव लावला. ‘‘म्हणजे चार तोळ्यांची काच आणलीत. आता ती गळ्यात घालून हिंडा.’’

मी म्हणालो, ‘‘गळ्यातच घालायची असते गं ती.’’ त्या दिवाळीत पुढं या विषयावर बोलणं झालं नाही.

अण्णांनी लेन्स हातात घेतली. एक किलो पंचवीस ग्रॅम. पुढच्या काचेत वाकून बघितलं. ‘‘म्हशीच्या डोळ्यागत आहे की.’’ मग एकच प्रश्न विचारला, ‘‘हिनं किती फुटांवरनं काढायचा?’’ मी म्हणालो, ‘‘कितीही. तीन फुटांच्या थोडं पुढंपासून चालती.’’ त्यांनी लेन्स परत दिली आणि पेपर उघडला.

पहिलं लग्न डिसेंबरात होतं. मी दिवसभर १.२ वर उघडून काढत सुटलो. एवढे पैसे मोजल्यावर दार अर्धं लावून ठेवायचं कशाला? कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर सगळे फोटो अफलातून दिसत होते. रात्री कॉम्प्युटरवर मोठे करून बघितले आणि हातपाय गार पडले. नवरीची नथ लखलखीत, मोत्याचं भोक दिसावं इतकी. डोळे मऊ. पुढच्या फोटोत मुंडावळ्यांचे मणी धारदार, डोळे मऊ. त्याच्या पुढच्यात भुवई. मुंडावळ्या चेहऱ्याच्या पुढं लोंबतात आणि कॅमेऱ्याला चकाकती वस्तू आवडते. तो त्यांच्यावरच जाऊन बसत होता. शिवाय मोत्यांच्या आणि चांदीच्या कडेला जांभळी झालर, मागच्या दिव्यांना हिरवट किनार. एवढं मोठं दार पूर्ण उघडल्यावर सगळे रंग एका पातळीवर गोळा होत नाहीत, त्याची ती झालर. सातशे फोटोंतले देण्याजोगे मोजायला बसलो आणि मध्येच मोजणं सोडून दिलं.

सुदैवानं लग्नात सोबत फोटो काढणाऱ्या जोडीदाराकडं १.८ होती. अल्बम तिच्यावर निभावला.

मग मी शाळा सुरू केली. पोराची एक फुटाची पट्टी पुस्तकाला टेकवून तिरपी ठेवली, कॅमेरा स्टँडवर, मधल्या रेघेवर फोकस करून १.२ वर फोटो काढला. तीक्ष्ण भाग त्या रेघेच्या मागं पडत होता, थोडाच, पण नेमानं. आरशाच्या कॅमेऱ्यात फोकस मोजणारा भाग वेगळा आणि चित्र घेणारा सेन्सर वेगळा, त्यामुळं कॅमेरा आणि लेन्स यांचं जमायला कधी कधी थोडी समजूत घालावी लागते. मार्क थ्रीच्या मेन्यूत त्याची सोय होती, उणे वीस ते अधिक वीस. उणे सहावर माझ्या जोडीचं जमलं. आजवर मी ज्या लेन्सना ‘मऊ’ म्हणून नावं ठेवली, त्यांतल्या कितींची चूक एवढीच असेल, हा विचार तेव्हा मनात आला.

दुसरी चूक हाताची होती. आमची सवय अशी की मधल्या ठिपक्यानं डोळ्यावर फोकस धरायचा, बटण अर्धं दाबून ठेवायचं आणि कॅमेरा वळवून चौकट लावायची. १.८ ला मी वर्षानुवर्षं असंच केलं, तिनं सांभाळून घेतलं. १.२ नं घेतलं नाही. चार फुटांवरून या लेन्सचा नीट दिसणारा पट्टा जेमतेम दीड सेंटीमीटरचा. कॅमेरा दहा अंशांनी वळला की फोकसची पातळी पावणेदोन-दोन सेंटीमीटर सरकते. म्हणजे डोळ्यावर धरलेला फोकस चौकट लावेपर्यंत कानाकडं गेलेला असतो. त्यात व्ह्यूफाइंडरही खरं सांगत नाही. त्याची काच अशी असते की १.२ असो की २.८, डोळ्याला धूसरपणा जवळपास सारखाच दिसतो. खरा पट्टा किती पातळ आहे ते फोटो निघाल्यावरच कळतं. शेवटी मी मधला ठिपका सोडला, डोळ्यापाशी येणारा कडेचा ठिपका निवडायला अंगठ्याला लावलं आणि श्वास सोडून मग बटण दाबायला शिकलो. समोरचा माणूस श्वास घेतो तेव्हा पुढं-मागं हलतो. दीड सेंटीमीटरच्या हिशोबात तेही धरावं लागतं.

दुपारच्या उन्हात तर ही लेन्स उघडताच येत नाही. सर्वांत कमी आयएसओ आणि सेकंदाचा आठहजारावा भाग, एवढं करूनही फोटो जळतो. मग समोर काळसर एनडी फिल्टर लावायचा. अक्षतांच्या वेळी, वरातीत, पळणाऱ्या पोरांमागं ही निरुपयोगी. तिचा फोकस म्हशीच्या चालीनं जातो. थोडक्यात, नव्या लेन्सनं मला वर्षभर फक्त ‘नाही’ ऐकवलं.

गंगावेशीतले शिंपीमामा त्याच वर्षीचे. पंचाहत्तरीचे, पन्नास वर्षं एकाच गाळ्यात बसून कोट शिवणारे. त्यांच्या मुलानं पोर्ट्रेट सांगितलं होतं. मी गेलो. तोवर हात बसला होता. मामा मशीनवर बसलेले, गळ्यात टेप, चष्मा नाकावर घसरलेला, मागं भिंतभर हँगरला अर्धवट शिवलेले कोट आणि खडूनं लिहिलेली मापं. १.२ वर काढलं. एक नंबर आलं. डाव्या डोळ्यातली खिडकीची तिरीप मोजून घ्यावी इतकी स्वच्छ, कानाच्या मागं सगळं धुकं. मी ते वीस बाय चोवीसचं छापून, फ्रेम करून घेऊन गेलो.

मामांनी फोटो हातात धरून बराच वेळ बघितला. मग चष्मा पुसून परत बघितला. म्हणाले, ‘‘बेस आहे. पण माझं दुकान कुटं गेलं ओ?’’

मी म्हणालो, ‘‘मामा, ते मुद्दाम घालवलंय. लक्ष तुमच्या चेहऱ्यावर राहावं म्हणून.’’

‘‘चेहरा काय, दाढी करताना रोज बघतोय. दुकान बघू दे की लोकांना.’’

मुलानं पैसे दिले, फोटो भिंतीवर लागलाही. पण माझ्या डोक्यातून ते वाक्य जाईना. आठवडाभरानं मी परत गेलो आणि तोच फोटो एफ/५.६ वर काढला. पैसे न घेता. कोट दिसले, हँगर दिसले, भिंतीवरचा खडू वाचता आला नाही तरी खडू आहे एवढं कळत होतं. मामांचा चेहरा त्यामुळं जराही मागं पडला नाही. उलट टेप गळ्यात का आहे, याचा उलगडा झाला. पहिल्या फोटोत तो टेप नुसता दागिना वाटत होता.

एवढं दार १.२ ला उघडायला घेतलं आणि ५.६ वर लावून बसलो, तर पैसे पाण्यात गेले का? हा प्रश्न मी स्वतःला विचारला. उत्तर शुक्रवार पेठेतल्या एका वाड्यात मिळालं.

तिथल्या आजी नव्वदीच्या. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. त्यांना देवघरासमोर बसायचं होतं, आणि देवघर होतं माजघरात. खिडकी एक, तीही बोळाकडं. वर पिवळा बल्ब, समोर निरांजन. मी सवयीनं फ्लॅश काढला. पहिल्याच झटक्याला आजींनी पदर डोळ्यांवर घेतला. ‘‘नको रे बाळा, आत टोचतंय.’’ फ्लॅश पिशवीत टाकला. ८५ काढली, एफ/१.४, आयएसओ ३२००, शटर सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग. फोटो येत होता. माझ्या झूमवर, एफ/४ वर, त्याच उजेडात शटर सेकंदाच्या पंधराव्या भागावर आलं असतं, आणि आजींची मान सारखी किंचित हलत होती. तो फोटो हललेला आला असता. आयएसओ वाढवला असता तर चेहऱ्यावर वाळू फेकल्यासारखे दाणे उठले असते. इथं मी त्यांना ‘हलू नका’ एवढंही म्हणालो नाही. त्या वाती वळत बसल्या, सुनेला दोन शब्द सुनावले, निरांजनाकडं बघून हात जोडले. मी तेवढ्यात चाळीस फोटो काढले. निरांजनाचा उजेड त्यांच्या गालावर होता तसाच फोटोत आला.

त्या रात्री मी पुस्तकात वाचलेली एक जुनी गोष्ट मला पहिल्यांदा नीट समजली. फोटोग्राफी १८३९ मध्ये जाहीर झाली तेव्हाच्या लेन्स इतक्या अंधाऱ्या होत्या की माणसाला काही मिनिटं उन्हात दगडासारखं बसावं लागे. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावत. १८४० मध्ये व्हिएन्नातला गणिताचा प्राध्यापक जोसेफ पेट्झवाल यानं हिशोब मांडून खास माणसांच्या फोटोसाठी एक लेन्स आखली आणि फोइग्टलेंडर या कारखान्यानं ती घडवली. तिचं दार आजच्या भाषेत एफ/३.६ च्या आसपास, आधीच्या लेन्स एफ/१५-१६ च्या घरात. उजेड पंधरा-वीस पट. मिनिटांचं बसणं मिनिटाच्या आत आलं. तिच्या चित्रात मधला भाग कडक आणि कडा ढासळलेल्या असत. तो तेव्हा दोष होता. आज त्याच दोषासाठी लोक तशा लेन्स पुन्हा बनवून विकत घेतात. पोर्ट्रेटची पहिली लेन्स मागचं उडवायला कुणी केली नव्हती. समोरच्या माणसाला कमी वेळ ताटकळायला लागावं म्हणून ती केली होती. मी मात्र वर्षभर त्या दाराचा उपयोग मामांचं दुकान घालवायला करत होतो.

राहिला प्रश्न अंतराचा. वाड्यातल्या आजींचा फोटो अण्णांनी बघितला आणि पुन्हा तोच प्रश्न केला, ‘‘किती फुटांवरनं काढलास?’’

मी आठवून सांगितलं, ‘‘असंल साडेपाच-सहा.’’

‘‘मग बरोबर आहे.’’

‘‘अण्णा, पण सहाच का?’’ पंचवीस वर्षांनी विचारलं.

अण्णा म्हणाले, ‘‘माझ्या यशिकाची लेन्स ८० ची. बदलता येत न्हवती. निगेटिव्ह मोठी, त्यामुळं चेहरा भरून हवा असंल तर जवळ जायला लागायचं. जवळ गेलं की नाक मोठं दिसतं आणि कान पळतात. गिऱ्हाईक म्हणायचं, हा मी न्हवं, आणि पैसे द्यायचं न्हाई. म्हणून सहा फुटांवरनं काढायचा आणि एन्लार्जरवर कापून मोठा करायचा. निगेटिव्ह वाया जायची, पण माणूस माणसागत यायचा.’’

मी नंतर कागदावर मांडून बघितलं. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण बारा सेंटीमीटर. दोन फुटांवरून काढलं तर नाक कानाच्या मानानं पाचव्या हिश्श्यानं मोठं येतं. सहा फुटांवरून पंधराव्या हिश्श्यानं, ते डोळ्याला खुपत नाही. हे लेन्सवर अवलंबून नाहीच, फक्त अंतरावर आहे. मोबाइलनं हात लांब करून काढलेल्या फोटोत आपण ओळखीचे पण जरा बिघडलेले दिसतो, ते त्यामुळंच. ८५ चा गुण एवढाच की सहा फुटांवर उभं राहिलं की चौकटीत डोकं आणि छाती बेतानं बसते, काही कापायला लागत नाही, निगेटिव्ह वाया जात नाही. अण्णांनी एन्लार्जरवर जे केलं ते ही लेन्स कॅमेऱ्यातच करते. आणि सहा फुटांवर १.२ चा पट्टाही दीडवरून तीन सेंटीमीटरवर येतो, २.८ वर सात-साडेसात. दोन्ही डोळे, नथ आणि कपाळावरची आठी सगळं त्यात मावतं. लेन्सशी माझी वर्षभराची भांडणं मी रेघेच्या पुढं गेल्यामुळं होती.

सहा फुटांचा आणखी एक फायदा कुठल्या पुस्तकात नाही. आपल्याकडं सोप्यावर पाहुणा आणि यजमान समोरासमोर बसतात ते साधारण तेवढ्याच अंतरावर. आवाज चढवावा लागत नाही आणि श्वास अंगावर येत नाही. माणूस त्या अंतरावर बोलायला सरावलेला असतो. तीन फुटांवरून एवढी मोठी काच तोंडावर रोखली की म्हातारी माणसं बोलायची थांबतात, आणि बोलणं थांबलं की चेहऱ्यावर पासपोर्ट येतो.

लेन्सचे हप्ते २०१६ मध्ये फिटले. तिची पावसाळ्यातली सरबराई मात्र दर वर्षी असते. कोल्हापूरचा पाऊस जूनमध्ये लागला की काचेला बुरशी धरायला वेळ लागत नाही. अण्णांच्या एका जुन्या लेन्सच्या पोटात कोळ्याच्या जाळ्यागत बुरशी वाढली ती निघालीच नाही. म्हणून माझी लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की जुन्या तव्यावर मंद आचेवर परतायचे, पुन्हा निळे होतात. चार तोळ्यांचा टोमणा अजून येतो, पण दाणे परतायचं काम बायकोच करते. माझ्यावर तिचा विश्वास नाही. कॅमेरा बंद करण्याआधी लेन्सचं पुढं आलेलं नळकांडं आत घ्यायचं, ही सवयही लागली. या लेन्सचं फोकसचं कडं विजेवर चालतं. कॅमेरा बंद झाला की कडं नुसतं फिरतं, काच जागची हलत नाही.

२०२१ मध्ये मी बिनआरशाचा आर६ घेतला आणि हीच लेन्स अॅडॅप्टर लावून त्यावर चढवली. आता कॅमेरा डोळा शोधून त्यावरच फोकस धरतो. नथ आणि डोळा यांतला फरक त्याला कळतो. पट्टी, उणे सहा, अंगठ्याची कसरत, सगळं एका दिवसात निकामी झालं. थोडं वाईट वाटलं, थोडं बरं. नव्या माउंटची आरएफ ८५ एफ/१.२ २०१९ मध्येच आली होती. ती आणखी जड, ११९५ ग्रॅम, आणि जांभळी झालर तिनं बरीच आवरलीय. मी मित्राची दोन दिवस वापरून बघितली. चांगलीच आहे. घेतली नाही.

गेल्या उन्हाळ्यात एक तरुण पोरगा स्टुडिओत आला. लग्नाची कामं सुरू केलीत म्हणाला, १.२ साठी कर्ज काढतोय. मी त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो. कर्ज काढण्याआधी एक टेप घे. महिनाभर जिथं जिथं फोटो काढशील तिथं समोरचा माणूस किती फुटांवर आहे आणि खोलीत उजेड किती आहे, ते वहीत लिही. अंतर बहुतेक वेळा पाच ते सात फूट निघालं तर ८५ घे. उजेड बऱ्यापैकी असेल तर १.८ घे, उरलेल्या पैशांत एक चांगला दिवा घे. म्हाताऱ्यांच्या घरात, माजघरात, देवघरात, जिथं दिवा लावणंच चुकीचं आहे तिथं तुझं काम असेल, तर १.२ घे आणि बिलाची घे. आधी दोन दिवस भाड्यानं आण, आणि स्टुडिओत वापरून बघू नकोस, लोकांच्या घरात वापर. कुठलीही घेतलीस तरी पहिल्या दिवशी एक फोटो ५.६ वर काढ आणि ज्याचा आहे त्याला दोन्ही दाखव. मागचं उडवायचं की ठेवायचं, ते त्याचं दुकान आहे, त्याला विचार.